मायट्रल व्हॉल्व्ह आणि ठोक्यांचा घोळ: आईला जुनीच गोळी का? (कोल्हापूरकर मदत करा)

तिसरी_गल्ली | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी खाद्यभ्रमंती विभागात मिसळीवरून भांडत असतो, आज आरोग्य विभागात आलोय.

आईचं वय ५८. माहेर गगनबावड्याकडचं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि बरेच दिवस शाळा बुडाली होती, एवढंच तिला आठवतं. पुढं लग्न, दोन बाळंतपणं, शेतातली कामं, सगळं बिनबोभाट पार पडलं. गेल्या वर्षापासून जिना चढला की दम लागायला लागला. "वजन वाढलंय" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दिवाळीच्या आधी चकली पाडताना छातीत अशी धडधड सुरू झाली की सोऱ्या हातातून सुटला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) निघालं. टू-डी इकोत मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची डावीकडची मायट्रल झडप अरुंद होणं), झडपेचं क्षेत्र १.३ चौरस सेंटिमीटर, डावीकडचा वरचा कप्पा मोठा झालेला. गुठळी दिसत नाही असं लिहिलंय.

सध्या मेटोप्रोलॉल, पाणी कमी करायची एक गोळी आणि एसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. या शेवटच्या गोळीसाठी सारखं रक्त तपासून आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) बघावा लागतो.

आता प्रश्न. आमच्या शेजारच्या काकांनाही एट्रियल फिब्रिलेशनच आहे. वय ७२, बीपी जुनं. त्यांना एपिक्साबॅन ही रक्त पातळ करायची नवी गोळी दिलीय. दिवसातून दोनदा गोळी घ्यायची, आयएनआरची कटकट नाही. मावशी म्हणते, "तुझा डॉक्टर जुनाट औषध देतोय, दुसऱ्याला दाखव." दोघांच्या कागदावर एकच आजार लिहिलाय, मग औषध वेगळं का?

दुसरं. घरात सगळे घाबरले म्हणून बहिणीचाही इको केला (वय २५). तिच्यात 'माइल्ड मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स' निघालं. तिलाही मधूनच ठोका चुकल्यासारखं होतं. झालं, घरात ठरलं की आईचंच हिला आलं. तसं असतं का? तिच्या लग्नाचं बघायला लागलोय, त्यामुळं हा विषय जरा जास्तच तापलाय.

---

रंकाळा_पहाट | शुक्रवार, रात्री १०.०५

वाचतोय. आईंना लवकर बरं वाटू दे.

---

भावा_नाद_न्हाई | शुक्रवार, रात्री १०.२२

भावा, माझ्या आज्जीला बी ह्योच वॉल्वचा त्रास हुता. तवा एसिट्रॉम बिसिट्रॉम कुणी सांगितलंच न्हाई. धडधडायला लागलं की कांदा हुंगायला द्यायचे आन् भिताडाला टेकून बसवायचे. एक दिवस सकाळी उठली ती उजवा हात हलंना, त्वांड वाकडं. कुणाला वाटलं वारं गेलं, कुणाला वाटलं बाहेरचं काय तरी. हृदयाचा आन् ह्याचा संबंध हाय हे आमाला लई उशिरा कळलं. म्हणून सांगतो, ती रक्त पातळ करायची गोळी सोडू नगंस. बाकी जाणकार बोलतीलच. जरा इस्कटून सांगा कुणी तरी.

---

पापाची_तिकटी | शुक्रवार, रात्री ११.४८

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. रुग्णाला न बघता औषध बदला असं मी इथं कधी सांगत नाही आणि आजही सांगणार नाही. पण प्रश्न चांगला आहे आणि दवाखान्यात रोज कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून इस्कटून लिहितो.

आधी मावशींचं. आईंना जुनी गोळी दिली ती डॉक्टर जुने म्हणून नव्हे. शेजारच्या काकांचं फिब्रिलेशन वय आणि बीपीतून आलेलं आहे. आईंचं फिब्रिलेशन आलंय अरुंद झालेल्या झडपेतून. लहानपणी सांधे सुजले तो बहुधा संधिवाताचा ताप असणार, इंग्रजीत ज्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात तो. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूचा संसर्ग होतो, त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे बरे होतात. झडप मात्र वर्षानुवर्षं हळूहळू जाड होत जाते, तिची दोन पाती कडेला एकमेकांना चिकटतात. म्हणून दहाव्या वर्षीच्या तापाचं बिल पन्नाशीत येतं. आपल्या देशात मायट्रल स्टेनोसिसचं सर्वांत मोठं कारण आजही हेच आहे.

निरोगी मायट्रल झडप उघडली की ४ ते ६ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. १.५ किंवा त्याच्या खाली गेलं की आजार गंभीर धरतात. आईंचं १.३ आहे. मागचं रक्त पुढं जायला वाट अपुरी, म्हणून वरच्या कप्प्यात दाब वाढतो, कप्पा फुगतो, त्याच्या भिंतीत तंतुमय ऊती वाढतात आणि विजेचे संदेश सरळ जाण्याऐवजी तिथंच भरकटत राहतात. हे फिब्रिलेशन. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. रक्त साकळतं, विशेषतः त्या कप्प्याला लागून असलेल्या छोट्या पिशवीत. तिथली गुठळी सुटली की मेंदूत जाते. वर भावांनी आज्जींबद्दल लिहिलंय, ते बहुधा हेच.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या जुन्या अभ्यासात हे आकड्यात आलेलं आहे. नुसत्या फिब्रिलेशननं पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट, संधिवाताच्या झडपेसोबत फिब्रिलेशन असेल तर सुमारे सतरापट. त्यामुळं काकांच्या बाबतीत वय, बीपी, शुगर यांचे गुण मोजून रक्त पातळ करायचं की नाही ते ठरवतात. आईंच्या बाबतीत गुण मोजायचा प्रश्नच येत नाही. झडप मध्यम किंवा जास्त अरुंद आणि फिब्रिलेशन आहे, म्हणजे गोळी लागतेच.

मग नवी का नको? २०२२ साली इन्व्हिक्टस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. २४ देशांतले, संधिवाताच्या हृदयविकारासोबत फिब्रिलेशन असलेले साडेचार हजारांवर रुग्ण होते, भारतातलेही होते. अर्ध्यांना नवी रिव्हरोक्साबॅन, अर्ध्यांना जुनी आयएनआरवाली गोळी. नवी निदान बरोबरीची तरी ठरेल असाच बहुतेकांचा कयास होता. झालं उलटं. जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही जास्त झाला नाही. तेव्हा मावशींना सांगा, आईंचा डॉक्टर अद्ययावत आहे.

बहिणीचं उद्या लिहितो. तोवर एवढंच की तिचा आजार आईचा नव्हे. लग्नाच्या बैठकीत 'आईचा वॉल्व्ह मुलीत आला' हे वाक्य कोणी काढू नका.

---

हिरवा_काढा | शनिवार, सकाळी ७.१०

सुप्रभात. एवढी रसायनं पोटात घालण्यापेक्षा अर्जुनसालीचा काढा दुधातून द्या. माझ्या सासऱ्यांचे ठोके त्यानं जागेवर आले. शंभर टक्के नैसर्गिक. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा.

---

टिकटिक | शनिवार, सकाळी ८.३५

हिरवा_काढा, निरोप काय पाठवायचा, इथंच बोलू. पाती चिकटलेली आहेत. ती कुठल्याच काढ्यानं सुटत नाहीत आणि ॲलोपथीच्या गोळीनंही सुटत नाहीत. आणि एसिट्रॉमवर असलेल्या माणसाला कुठलाही काढा दिला तर आयएनआर कुठं जाईल याचा भरवसा नसतो. द्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून द्या. चोरून नको.

मी बोलतेय ते अनुभवानं. मला मायट्रलची धातूची झडप बसवलेली आहे. रात्री खोली शांत असली की माझी टिकटिक शेजारी झोपलेल्याला ऐकू येते, आमच्या ह्यांना आता ती नसली तर झोप लागणार नाही. धातूची झडप म्हणजे ही गोळी जन्माची. नव्या गोळ्या धातूच्या झडपेला चालतच नाहीत. डाबिगॅट्रानवर तशी एक चाचणी झाली होती, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं.

तिसरी_गल्ली, आईंसाठी सांगते. स्टेनोसिस आणि फिब्रिलेशनमध्ये आयएनआर साधारण २ ते ३ ठेवतात. माझा २.५ ते ३.५, कारण धातू. सगळ्यांचा आकडा एक नसतो, त्यामुळं दुसऱ्याच्या वहीत बघून आपली गोळी बदलायची नाही.

आता जेवण. सगळे सांगतील पालेभाजी बंद करा. तसं काही नाही. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट काम करतं, हे खरं. पण भाजी बंद करायची नाही, ती सारखी ठेवायची. घोळ कधी होतो? हिवाळ्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मेथी, चाकवत, पालक ढिगानं स्वस्त होतात, आपण आठवडाभर रोज पालेभाजी करतो आणि आयएनआर खाली येतो. मग डॉक्टर डोस वाढवतात, पुढच्या आठवड्यात आपण वांगी-बटाट्यावर येतो आणि आयएनआर वर. मी ठरवून टाकलंय, आठवड्यात ठरलेल्या वारी पालेभाजी, जवळपास तेवढीच. तांबड्या-पांढऱ्या रश्शाला आयएनआरची हरकत नाही, मिठामुळं दम वाढतो ती गोष्ट वेगळी.

गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी. चुकली आणि त्याच रात्री आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नका. वहीत 'चुकली' असं लिहून ठेवा. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका. कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं की चार-पाच दिवसांत आयएनआर बघून घ्या. ठोक्यांसाठी एमिओडॅरोन सुरू केलं तर तर नक्कीच, त्यानं आयएनआर हळूहळू चढत जातो आणि कळतही नाही.

आमच्या नात्यातल्या एका काकूंनी दाढ काढायची म्हणून परस्पर गोळी बंद केली होती. आठवड्याभरात अर्धांगवायू. साधा एखादा दात काढायला बहुतेक वेळा ही गोळी बंद करावीच लागत नाही, आदल्या दिवशी आयएनआर बघतात आणि काढतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

---

भावा_नाद_न्हाई | शनिवार, सकाळी ९.०२

टिकटिक वहिनी, नाद खुळा लिवलंय. 🙏

---

पापाची_तिकटी | शनिवार, दुपारी ३.३०

टिकटिक ताईंनी माझं निम्मं काम केलं. आता बहिणीकडे येतो.

प्रोलॅप्स म्हणजे झडप बंद होताना तिची पाती वरच्या कप्प्याकडे फुगून जातात. इथं वाट अरुंद नसते. पाती जरा लांब, जरा सैल. लोकसंख्येत साधारण २ ते ३ टक्के लोकांत हे सापडतं. घराण्यात येऊ शकतं, पण ते प्रोलॅप्सचं प्रोलॅप्स. आईंची झडप जिवाणूच्या संसर्गानंतर बिघडली, ती वारशानं जात नाही. एकाच झडपेचे हे दोन निराळे आजार एका घरात निघाले, हा योगायोग.

जाता जाता एक गंमत. १९७०-८०च्या दशकात प्रोलॅप्सचं निदान इतकं बोकाळलं होतं की धडधाकट तरुण मुलींना सर्रास हे लेबल लागत होतं. पुढं कळलं की झडपेची कडा सपाट नसून खोगिराच्या आकाराची असते, त्यामुळं इकोच्या एका कोनातून चांगली झडपही फुगलेली दिसते. आता दुसऱ्या कोनातून २ मिलिमीटरपेक्षा जास्त फुगवटा असेल तरच प्रोलॅप्स म्हणतात. तेव्हा 'माइल्ड' एवढ्याच शब्दावर जाऊ नका. किती मिलिमीटर, एक पातं की दोन्ही, पाती जाड आहेत का, गळती किती, हे रिपोर्टमध्ये आहे का बघा.

तिचा ठोका 'चुकतो' म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी आलेला असतो. तो हलका लागतो, त्यानंतर जरा जास्त थांबा येतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तो जोराचाच जाणवतो. प्रोलॅप्स असो नसो, असे जादा ठोके कितीतरी लोकांना असतात. जागरण, चहा, ताप, हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड जास्त, परीक्षा, आणि बघायला पाहुणे येणार असले तरी वाढतात. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र) लावा.

धागाकर्त्यांनी दोन्ही धडधडी एकाच वाक्यात लिहिल्यात म्हणून हे परत सांगतो. आईंच्या धडधडीत भीती गुठळीची आहे. बहिणीच्या धडधडीत बहुतेक करून भीती कसलीच नाही. छातीवर हात ठेवून दोघींना एकच वाटेल, कागदावर ते वेगळं दिसतं.

---

पेठेतला_बॅक | शनिवार, संध्याकाळी ७.१५

डॉक्टरसाहेब, 'बहुतेक' म्हणालात तिथं अडलोय. माझा पुतण्या १९ वर्षांचा, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. प्रोलॅप्स आहे, दोन्ही पाती. होल्टरमध्ये ४,२०० जादा ठोके आले. वहिनी रडून रडून बेजार. शाहू स्टेडियमवर सामना आहे म्हटलं की घरात युद्ध. दादा म्हणतो मर्दाला काय होतंय, वहिनी म्हणते बूट जाळून टाकते. कोणाचं ऐकायचं?

---

पापाची_तिकटी | शनिवार, रात्री १०.५०

दोघांचंही ऐकू नका.

आकडा आधी समजून घेऊ. माणसाचं हृदय २४ तासांत साधारण एक लाख वेळा धडकतं. ४,२०० म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास. जादा ठोके १० टक्क्यांच्या वर जायला लागले की कालांतरानं हृदयाचा स्नायू थकू शकतो, म्हणून तिथून पुढं जास्त लक्ष ठेवतात. पण खेळाडू पोराच्या बाबतीत मी फक्त संख्या बघून समाधान मानणार नाही. ठोके सुटे आहेत की लागोपाठ तीन-चारच्या झुंडीनं येतात? धावताना थांबतात की वाढतात? सगळे एकाच ठिकाणाहून येतात की वेगवेगळ्या?

प्रोलॅप्सवाल्यांमध्ये एक छोटा गट असा आहे की ज्यात खालच्या कप्प्यातून घातक लय सुरू होऊ शकते. गट छोटा आहे, पण तो ओळखायच्या खुणा आता बऱ्यापैकी माहीत आहेत, २०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी त्या एकत्र मांडल्या. दोन्ही पाती फुगणं ही त्यातली एक. दुसरी, झडपेची कडा हृदयाच्या स्नायूपासून सुटून वरच्या कप्प्याच्या भिंतीला जोडलेली असणं. तिला मायट्रल ॲन्युलर डिसजंक्शन म्हणतात आणि इको करणाऱ्यानं मुद्दाम शोधली नाही तर ती लिहिली जात नाही. अशा झडपेत प्रत्येक ठोक्याला पाती आपल्या दोऱ्यांना आणि त्या दोऱ्या धरून ठेवणाऱ्या स्नायूंना हिसका देतात. वर्षानुवर्षं हिसके बसून तिथं व्रण तयार होतो आणि व्रणाच्या कडेनं लय बिघडते. व्रण इकोत दिसत नाही, हृदयाच्या एमआरआयमध्ये दिसतो. ईसीजीत खालच्या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघायचा एकेक कोन), म्हणजे टू, थ्री, एव्हीएफमध्ये टी लहर उलटी असणं हीही एक खूण.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मशीन लागत नाही अशी. पोरगा कधी कारण नसताना बेशुद्ध पडलाय का? खेळता खेळता डोळ्यांपुढं अंधारी? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? यातलं एक जरी 'हो' असेल तर तपासण्या पूर्ण होईपर्यंत बूट माळ्यावर. सगळं 'नाही' असेल तरी ईसीजी, नीट बघून केलेला इको, ट्रेडमिल टेस्ट आणि गरज वाटली तर एमआरआय, एवढं करून इलेक्ट्रोफिजिऑलॉजी, म्हणजे ठोक्यांच्या लयीचे आजार, बघणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचा लेखी सल्ला घ्या. बरीच मुलं हे सगळं करून परत मैदानात जातात. वहिनींना हेही सांगा.

---

डिजिटल_दादा | रविवार, सकाळी १०.२०

एवढं कशाला, स्मार्ट घड्याळ घ्या. माझं ईसीजी काढतं, फिब्रिलेशन असेल तर सांगतं. होल्टर वगैरे जुनं झालं.

---

ग्राफपेपर | रविवार, दुपारी १२.४०

ईसीजी तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. घड्याळाची पट्टी उपयोगी आहे, नाही असं नाही. महिन्यातून एकदा धडधडणाऱ्या माणसाला २४ तासांचा होल्टर लावला तर नेमक्या त्या दिवशी काहीच सापडत नाही, तेव्हा धडधडताना घड्याळावर काढलेली तीस सेकंदांची पट्टी डॉक्टरला खूप काही सांगते. पीडीएफ करून ठेवा. पण ती एका लीडची असते. बॅकभाऊंच्या पुतण्याच्या उलट्या टी लहरी त्यात कळणार नाहीत, दिवसात जादा ठोके किती ते कळणार नाही. आणि घड्याळ 'सगळं ठीक' म्हणालं म्हणून कोणी एसिट्रॉम थांबवत असेल तर हात जोडतो. फिब्रिलेशन येतं-जातं अशा माणसालाही गुठळी होते.

घड्याळ नसेल तर मनगटावर तीन बोटं. पूर्ण एक मिनिट मोजायचं. फिब्रिलेशनमध्ये नाडीला कसलाच ताल नसतो, दोन ठोक्यांतलं अंतर दर वेळी निराळं. जादा ठोक्यांत मूळ ताल असतो, मध्येच एखादा ठोका तो मोडतो. थोड्या सरावानं घरच्यांना हा फरक कळतो. घरच्या डिजिटल बीपी मशीनवर फिब्रिलेशनमध्ये आकडे दर वेळी वेगळे येतात, म्हणून दोन-तीनदा मोजून सरासरी धरा.

होल्टर लावल्यावर डायरी लिहा हो! कितीला जिना चढलो, कितीला धडधडलं. निम्मे लोक कोरी डायरी परत देतात.

---

इचलकरंजीची_सून | रविवार, दुपारी ४.०५

भीत भीत विचारते. मला मायट्रल स्टेनोसिस आहे, मध्यम, ठोके सध्या नीट आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली, सासूबाई बाळासाठी मागे लागल्यात. त्यांना अजून सगळं सांगितलेलं नाही.

---

पापाची_तिकटी | रविवार, रात्री ९.१५

ताई, भिऊ नका, पण दिवस राहायच्या *आधी* हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. मिस्टरांना बरोबर न्या. कारण सांगतो.

मायट्रल झडपेतून रक्त खाली जातं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. ठोके वाढले की हा विसावा सगळ्यात जास्त आखडतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाचा दरवाजा अरुंद करून वर तो थोडाच वेळ उघडला तर बाहेर गर्दी तुंबणारच, तसं रक्त मागं फुप्फुसांत तुंबतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाणही वाढतं आणि ठोकेही. त्यामुळं एरवी काहीच त्रास नसलेल्या बाईला सहाव्या-सातव्या महिन्यानंतर किंवा प्रसूतीच्या वेळी पहिल्यांदा दम लागतो, कधी फिब्रिलेशनही पहिल्यांदा तेव्हाच येतं. तिसरी_गल्ली, तुमच्या आईंना चकली पाडताना जे एकदम झालं, त्यातही हाच भाग होता. ठोके अचानक वाढले आणि वरच्या कप्प्याचा शेवटचा जोरही गेला. एरवी रक्त भरण्यात त्या जोराचा २० ते ३० टक्के वाटा असतो. मेटोप्रोलॉल दिलंय ते ठोके आवरून हा विसावा परत मिळवायला.

काही जणींना गरोदरपणाआधीच फुग्यानं झडप मोकळी करायला सांगतात. तुमच्या बाबतीत लागेल की नाही ते इको बघून ठरेल. आणि ज्या बहिणी आधीच एसिट्रॉम किंवा त्याच जातीच्या वॉर्फरिनवर आहेत त्यांनी हे नीट वाचा: ही गोळी गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत बाळाला अपाय करू शकते, पण स्वतःच्या मनानं थांबवली तर आईला धोका. पाळी चुकली की त्याच दिवशी फोन.

सासूबाईंना सांगायचं कसं ते मला जमणार नाही. ते टिकटिक ताईंवर सोपवतो.

---

टिकटिक | रविवार, रात्री ९.५०

सून_ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. सासूबाईंना डॉक्टरांच्या समोरच बसव, अर्धं काम तिथंच होतं.

---

तिसरी_गल्ली | मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. मावशीला इन्व्हिक्टसचं वाचून दाखवलं. ती म्हणाली "मला आधीच माहीत होतं." असो.

डॉक्टर आता आईच्या झडपेसाठी फुग्याचं म्हणताहेत. त्याआधी घशातून नळी घालून इको करायचा म्हणे. हे कशासाठी? फुगा लावला की फिब्रिलेशन जाईल आणि गोळी सुटेल ना? आणि खर्च?

---

पापाची_तिकटी | मंगळवार, रात्री ११.२०

नळीच्या इकोला टीईई म्हणतात. छातीवरून केलेल्या इकोत ती मघाशी लिहिलेली छोटी पिशवी नीट दिसत नाही, अन्ननलिका वरच्या कप्प्याला अगदी लागून असल्यामुळं तिथून स्पष्ट दिसते. गुठळी असेल तर फुगा आत्ता नको, आधी गोळीनं ती विरघळू द्यायची.

फुगा मांडीच्या शिरेतून नेतात, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे जातात आणि झडपेत फुगवतात. चिकटलेली पाती शिवणीवर सुटतात. जपानचे डॉ. कांजी इनोई यांनी १९८०च्या दशकात हे तंत्र आणलं, अजूनही फुगा त्यांच्याच नावानं ओळखतात. छाती उघडावी लागत नाही. पाती फार कडक किंवा चुना साठलेली असतील, किंवा गळतीही बरीच असेल, तर मात्र फुगा जमत नाही, शस्त्रक्रिया लागते. शस्त्रक्रियाच झाली तर त्याच वेळी फिब्रिलेशनसाठी मेझ नावाची प्रक्रिया करता येते का, हे विचारून ठेवा.

गोळी सुटेल ही आशा ठेवू नका. वाट मोकळी होते, दम कमी होतो, पण वर्षानुवर्षं ताणलेला कप्पा लगेच पूर्ववत होत नाही. काहींना नंतर शॉक किंवा औषध देऊन ठोके तालावर आणायचा प्रयत्न करतात, तरीही आईंसारख्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी सहसा चालूच ठेवतात.

---

बिंदू_चौक | बुधवार, सकाळी ११.००

खर्चाचं मी सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत फुग्याची प्रक्रिया आणि झडप बदलणं, दोन्ही बसतं. मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही विचारा. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवू असं कोणी म्हणालं तर मानू नका, मंजुरी आधी घ्यावी लागते. आधार आणि रेशन कार्डावरच्या नावात फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा. ऐनवेळी सगळं तिथंच अडतं.

---

चंदगडची_बाई | बुधवार, रात्री ९.३०

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सगळा धागा वाचला आणि वर्गातला एक मुलगा आठवला. चौथीत आहे. मागच्या महिन्यात घसा धरला होता, आता कधी गुडघा तर कधी घोटा दुखतो म्हणतो, एक दुखायचा थांबला की दुसरा. आई म्हणते वाढीचं दुखणं.

---

पापाची_तिकटी | बुधवार, रात्री ९.४५

बाई, वाढीचं दुखणं सहसा रात्री पायात असतं, सांधे सुजत नाहीत आणि ते असं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत नाही. उद्याच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला सांगा आणि घसा धरल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर नुसती दुखायची गोळी मिळेल. रक्तात एएसओ (स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गाची खूण), सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी), एक ईसीजी आणि इको लागेल. संधिवाताचा ताप निघाला तर पेनिसिलिनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी सुरू होतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. झडप बिघडली असेल तर पुष्कळांना चाळिशीपर्यंत. कमरेत घेतात, चांगलंच दुखतं, म्हणून मुलं चुकवतात आणि आईबाप 'आता बरा आहे' म्हणून थांबवतात.

---

चंदगडची_बाई | बुधवार, रात्री ९.५८

उद्या शाळेच्या आधी त्याच्या घरी जाते. २१ दिवसांचं निघालंच तर तारखा वर्गाच्या कॅलेंडरवर मीच लिहीन. शाळेची आरोग्य तपासणी करणारं पथक येतं, त्यांनाही दाखवू का?

---

पापाची_तिकटी | बुधवार, रात्री १०.०४

दाखवा, पुढचा इको आणि उपचार त्या कार्यक्रमातून मोफत होऊ शकतात. पण पथकाची वाट बघत थांबू नका. आधी आरोग्य केंद्र.